भिंतीवरचा दुसरा हेसलप

विल्फ हेसलपने चहाची किटली फ्रीजमध्ये ठेवली, हे त्याच्या मुलीने पाहिलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण थेल्मा नेमकी त्याच रविवारी लीड्सहून आली होती आणि दूध काढायला फ्रीज तिनेच उघडला. तिने काही न बोलता किटली बाहेर काढून शेगडीवर ठेवली. ते न बोलणंच विल्फला जास्त लागलं.

"बाबा, आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे," चहा झाल्यावर ती म्हणाली.

"असू दे की. खोलीला काय खायला घालावं लागतं?"

"तुम्ही इथे एकटे. तिकडे माझा जीव टांगणीला लागलेला असतो. हे घर आता विकून टाकू या."

वॉल्सएंडचं ते घर विल्फने गोदीत जन्मभर क्रेन चालवून घेतलं होतं. त्याची बायको याच स्वयंपाकघरात हसत-भांडत म्हातारी झाली होती. हे सगळं सोडून लीड्सच्या मागच्या खोलीत जाऊन बसायचं, या कल्पनेनेच तो धास्तावला. आणि धास्तावला की माणूस तोंडाला येईल ते बोलतो.

"मी यंदा भिंत चालणार आहे," तो म्हणाला. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी आखणी माझी मी करणार. त्यात एक जरी घोळ सापडला तर खुशाल विक घर."

आता इंग्लंडच्या उत्तरेला एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गेलेल्या त्या जुन्या रोमन भिंतीची गंमत अशी, की तिच्या उशापायथ्याशी राहणारी माणसं ती कधीच चालत नाहीत. "पुढच्या उन्हाळ्यात भिंत चालायची हं," असं वॉल्सएंडमधला प्रत्येक जण पबमध्ये म्हणतो, ऐकणारा "नक्की" म्हणतो, आणि त्याचा अर्थ आणखी एक बिअर सांग, एवढाच असतो. थेल्मा लीड्सला राहून बिघडली होती. तिने ते खरं धरलं.

"ठीक आहे. जूनमध्ये चाला. त्याआधी एका शनिवारी मी येऊन सगळं तपासणार."

दुसऱ्या दिवशी विल्फने नकाशा पसरला, चष्मा पुसला, निघायचा दिवस ठरवला आणि पहिल्या मुक्कामाला फोन लावला. भिंतीच्या वाटेवर रात्रीची खाट आणि सकाळची न्याहारी देणारी घरं पुष्कळ आहेत.

"हेसलप ना? तुमची खोली ठेवलीय की राखून," तिकडची बाई म्हणाली. "मागच्याच आठवड्यात तुम्ही फोन केला होतात. जूनचा दुसरा सोमवार, आणि न्याहारीला मश्रूम नकोत."

विल्फला मश्रूमचा वासही सहन होत नसे. आणि दुसरा सोमवार तर त्याने आत्ता, याच खुर्चीत बसून ठरवला होता. दुसऱ्या एखाद्या मुलखातला माणूस सरळ म्हणाला असता, बाई, मी फोन केलेलाच नाही. पण विल्फच्या मुलखात समोरच्याला खोटं पाडणं हा मोठा असभ्यपणा. तिथे दुसऱ्याने तुमच्या पायावर पाय दिला तरी माफी तुम्हीच मागायची.

"हो हो, बरोबर," तो म्हणाला. "खात्री करून घेत होतो. माफ करा हं, उगाच त्रास दिला."

दुसऱ्या घरीही तेच. खोली राखलेली, मश्रूम वगळलेले. विल्फने पुन्हा माफी मागितली. तिसऱ्या घरची बाई म्हणाली, "त्या दिवशी कुठून बोलत होतात हो? तुमच्यापेक्षा वाराच जास्त ऐकू येत होता." विल्फने वाऱ्याबद्दलही माफी मागितली. माफी मागून मागून आता नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.

मग त्याने भिंतीच्या मधोमध, कड्याखाली राहणाऱ्या मिसेस टेलफर्डना फोन लावला.

"तुमची दोघांची खोली तयार असेल," त्या म्हणाल्या.

"दोघांची?"

"तुमची आणि त्या दुसऱ्या हेसलपची. ते पलीकडून येणार ना, पश्चिमेकडून?"

इथे थांबला असता तर शहाणा ठरला असता. पण खाज गप्प बसू देईना. त्याने पलीकडच्या, पश्चिमेच्या घरांना फोन लावले. तिथेही हेसलप होताच, फक्त उलट क्रमाने. ज्या सोमवारी विल्फ या टोकाहून निघणार, त्याच सोमवारी त्या टोकाहून मश्रूम न खाणारा एक हेसलप निघणार होता आणि मुक्काम करत करत विल्फच्याच दिशेने येणार होता. विल्फने फोन खाली ठेवला. 

तिकडे, भिंतीच्या पश्चिम टोकाला, बोनेसला, त्याचा धाकटा भाऊ लँटी राहत होता खरा. पण हे काम लँटीचं असणं शक्य नव्हतं. दोघांचं बोलणं बंद होऊन कैक वर्षं झाली होती, आणि भांडणाला कारणही ही भिंतच. बापाच्या मयतीनंतर सगळे सँडविच खात बसलेले असताना, भिंत कुठून चालायला सुरुवात करावी यावर वाद निघाला. विल्फ म्हणाला, वॉल्सएंडपासून. लँटी म्हणाला, बोनेसपासून, म्हणजे वारा पाठीशी राहतो. आधी शब्दाला शब्द लागला, मग सँडविच उडाले, आणि तेव्हापासून ख्रिसमसचं कार्डसुद्धा बंद.

मग फोन केले कोणी? विल्फनेच केले आणि विल्फच विसरला?  त्यापेक्षा भूत असेल तर बरं, असं त्याला वाटायला लागलं. भुतापायी कोणी कोणाला घर विकायला लावत नाही.

शनिवारी थेल्मा गाडी घेऊन आलीच. "मधल्या मुक्कामाला जाऊ या," ती म्हणाली. "त्या बाईंशी मी बोलते. तिथे सगळं नीट असेल तर माझी तक्रार नाही." विल्फ फाशीच्या कैद्यासारखा गाडीत जाऊन बसला. वाटेत त्याने दोनदा पोटात दुखतंय म्हणून पाहिलं, पण थेल्माच्या पर्समध्ये गोळ्या होत्या.

कड्याखाली भरदुपारी असं धुकं दाटलं होतं, की भिंतही दिसत नव्हती आणि तिच्या कडेला चरणाऱ्या मेंढ्याही. मेंढ्यांचं खोकणं तेवढं ऐकू येत होतं, अगदी माणसांसारखं. मिसेस टेलफर्डांच्या दारापुढे बाक होता आणि बाकावर विल्फ हेसलप बसला होता. तीच टोपी, डाव्या कानावर कललेली. तोच उजवा खांदा उतरलेला. विल्फ जागच्या जागी थिजला. थेल्मानेही त्याचा दंड घट्ट धरला.

बाकावरचा विल्फ उठून उभा राहिला. "उशीर केलास," तो म्हणाला.

तो लँटी होता. एवढ्या वर्षांत दोघांच्याही तोंडावर हळूहळू एकच चेहरा आला होता, आणि हे त्यांना सांगायला मध्ये कोणी नव्हतं.

"लँटीकाका?" थेल्मा म्हणाली, आणि मग काय ते समजल्यासारखी झपाझप आत मिसेस टेलफर्डकडे गेली.

ती गेल्याबरोबर लँटीने भावाची कॉलर धरली. "हा काय पोरखेळ लावलायस? घराघरातून मला फोन येतायत, खोली पक्की आहे, मश्रूम नाहीत, काळजी करू नका म्हणून. या टेलफर्डबाईंनी तर आज दुपारी भाऊ येतोय, तुम्हीही या, असं कळवलं."

"मी लावलाय? मला वाटलं तू लावलायस."

"मी कशाला तुझ्या वाटेला जातोय?"

"मग तू त्यांना 'नाही' असं का म्हणाला नाहीस?"

लँटीने कॉलर सोडली. "बाईमाणूस इतक्या अगत्याने बोलत होती. म्हटलं, हो, बरोबर, माफ करा," तो खालमानेने म्हणाला. "आणि हे बघ, माझ्या सुनेच्या कानावर घालू नकोस. ती आधीच माझ्यासाठी वृद्धाश्रमांची चौकशी करत असते."

 धुक्यात एक मेंढी खोकली.

थेल्मा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, तुम्ही तिकडून, काका इकडून, आणि भेट बरोब्बर मध्यावर. कोणी हरायला नको, कोणी जिंकायला नको. इतका विचार मला नसता हो सुचला. आणि मी तुम्हाला विसराळू समजत होते. ही आखणी तुमचीच ना?"

खरं बोललं तर घर जाणार होतं.  "माझीच," तो म्हणाला.

"आमची," लँटी पटकन म्हणाला. त्यालाही सून होती.

"मग घराचा विषय माझ्या तोंडून परत निघणार नाही," थेल्मा म्हणाली आणि नवऱ्याला ही बातमी द्यायला गाडीकडे गेली. विल्फला इतकं हायसं वाटलं, की त्याला रडूच आलं. डोकं ठिकाणावर असल्याचा पुरावा म्हणून आपण न केलेलं काम आपल्या नावावर लावून घेतलंय, हे त्याला कळत होतं. पण घर राहिलं होतं.

मिसेस टेलफर्ड त्यांना वरची खोली दाखवायला घेऊन गेल्या. दोन खाटा होत्या, त्यातली एक खिडकीला लागून. मध्ये तिपाईवर दिवा.

"फोनवर तुमच्यापैकी कोण होतं हो?" त्यांनी विचारलं. "फार मायेने बोलत होते. म्हणाले, पोरांना एकाच खोलीत घाला. भांडायला लागली तर आतला दिवा तेवढा काढून न्या. मला हसूच आलं. या वयाची पोरं."

दोघा भावांना हसू आलं नाही. लहानपणी ते अंथरुणात भांडायला लागले की त्यांचा बाप जिना चढून यायचा, एक शब्द न बोलता खोलीतला दिवा उचलायचा आणि निघून जायचा. ही गोष्ट त्यांनी आपल्या बायकांनासुद्धा कधी सांगितली नव्हती.

मिसेस टेलफर्ड चहा आणायला खाली गेल्या. 

"खिडकीकडची खाट तू घे," विल्फ म्हणाला.

"तू थोरला आहेस. तू घे."

"मी सांगतोय ना, तू घे म्हणून."

"आणि मी सांगतोय..."

तेवढ्यात जिन्याची एक पायरी करकरली. दोघांनीही आधी दाराकडे पाहिलं, मग दिव्याकडे. लँटी मुकाट्याने खिडकीकडच्या खाटेवर जाऊन बसला.