कळसाखालचं रॉकेट

शाळेतल्या रोहिणी मॅडमनी पाण्याच्या बाटलीचं रॉकेट केलं आणि आप्पासाहेबांची झोप उडाली. कर्जत तालुक्यातल्या या गावात भैरोबाच्या कळसाच्या वर काही चढवायचं नाही अशी रीत. मोबाईलचा टॉवरसुद्धा शिवेबाहेर उभा. आप्पासाहेब शाळा समितीचे अध्यक्ष, त्यात निवडणूक तोंडावर. रॉकेट वर गेलं की पद खाली येणार, एवढं गणित त्यांना मॅडमच्या आधी सुटलं होतं.

"किती वर जाईल, तेवढं सांगा."

मॅडम फळ्याकडे वळल्या. "शिवेबाहेरच्या माळावर उडवून मोबाईलवर वेग मोजलाय. पाणी संपताना बाटलीत जेवढी गतीची ऊर्जा, तेवढीच वर पोचल्यावर उंचीची होते. ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते. आता या समीकरणातलं वजन जातं..."

आप्पासाहेब सावध झाले. दूध संकलनाचा काटा त्यांच्याच ओसरीवर होता. वजन कसं जातं हे त्यांना फळ्याशिवाय कळत होतं. "कुनाच्या बाजूनं जातं?"

"दोन्ही बाजूंनी. सारखंच."

असा व्यवहार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण उत्तर कळसाहून जरा कमी आलं, तेव्हा त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पारावर जाऊन रॉकेट कळसाखालीच राहील असा गावाला शब्द दिला.

पारावर कडूबाई बसल्या होत्या. भैरोबाची दिवाबत्ती त्यांच्याकडे, आणि आप्पासाहेबांना अरेतुरे करणाऱ्या गावात त्या एकट्याच उरलेल्या.

"आप्पा, शाळा कुठं हाय?"

"टेकाडावर."

"आन् देऊळ?"

"वढ्याला."

"मंग तुजं रॉकेट न उडताच निम्म्या कळसाला बसलंय की."

आप्पासाहेब तसेच शाळेत परतले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी उंची मैदानापासून धरली. शून्य कुठं धरायचं ते आपण ठरवायचं असतं."

विज्ञानात ठरवायची सोय असते, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी समिती बसली आणि ठराव झाला: देवळानं देवळाच्या पायथ्यापासून मोजावं, रॉकेटनं रॉकेटच्या. मॅडम "अहो, तसं नव्हे" म्हणेपर्यंत तो सर्वानुमते मंजूरही झाला.

"मला काय उमगलं न्हाई," कडूबाई म्हणाल्या.

"मलाबी न्हाई. पन ठराव झालाय."

उड्डाणाला सगळा गाव हाताची घडी घालून उभा राहिला. शाळेच्या भिंतीवर शेजारच्या गावची मंडळीही येऊन बसली. मॅडमनी हवा भरली, कळ ओढली. बुचातून फुस्स झालं. रॉकेट मॅडमच्या कमरेपर्यंत आलं आणि मातीत आडवं झालं.

"एवढ्यासाठी ठराव केल्ता व्हय?" भिंतीवरनं कुणीतरी विचारलं, आणि सगळी भिंत हसली.

आप्पासाहेबांना हायसं वाटलं. शब्द राहिला, पदही राहिलं. ते आभार मानायला पुढं झाले, तोच हसणाऱ्या भिंतीकडं बघत कडूबाईंनी पदर खोचला.

"मॅडम, बूच आवळा. आन् आप्पा, पंप धर. भैरोबाचं मी बगते."

"पन मावशे, वर गेलं तर?"

"मार जोरात," मागून सगळा गाव म्हणाला.

आप्पासाहेब पंप मारू लागले. रॉकेट वर जावं म्हणून नवस बोलावा की खाली राहावं म्हणून, हे मॅडमना विचारायचं त्यांच्या मनात होतं. पण मॅडमचं सगळं लक्ष बुचाकडं होतं.