नियमात बसलेली गाडी

घड्याळजींनी सकाळी नऊ वाजता जेवणाच्या टेबलावर कागद पसरले, ते दुपारचे दोन वाजले तरी उचलले नव्हते. बायकोने ताट मांडीवर घेऊन जेवण उरकलं. घड्याळजींचं ताट खिडकीच्या कट्ट्यावर झाकून पडलं होतं.

“अहो, चार नियम लिहायचे होते ना?”

“चारच आहेत. बाकीचे सत्तावीस म्हणजे त्या चारांतल्या पळवाटा बुजवल्यात.”

रिमोटवर चालणाऱ्या हातभर लांबीच्या गाड्या दर रविवारी रोपवाटिकेमागच्या मातीच्या ट्रॅकवर पळवणारी आठ माणसं होती. आठही पन्नाशीच्या पुढची. पैकी घड्याळजी हे सचिव. त्यांचं दुकान घड्याळदुरुस्तीचं आणि स्वभाव दुकानाला साजेसा, त्यामुळे मंडळी त्यांना मागून ‘मिलीमीटर’ म्हणत. हल्ली समोरही म्हणू लागली होती. यंदा चाळीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचा वेगळा गट काढायचा ठरलं, आणि नियम लिहायचं काम साहजिकच मिलीमीटरांकडे आलं.

त्यांना ते काम हवंच होतं. मागच्या महिन्यात दातांचे डॉक्टर एक पिवळी गाडी घेऊन आले होते. वरची बॉडी खरोखरच जुनी, पोचे आलेली, रंग उडालेली. आत मात्र मोटर नवी, गिअर नवे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे. वरून आजोबा आणि आतून पैलवान! घड्याळजींनी चाळीस वर्षं तळहाताच्या फोडासारख्या जपलेल्या गाडीला त्या पैलवानाने तीन फेऱ्यांनी मागे टाकलं. वर डॉक्टर म्हणाले, “तुमचीही छान पळते हो. वयाच्या मानाने.” तेव्हापासून दोघांचं बोलणं ‘नमस्कार’ एवढ्यावर आलं होतं.

बायकोने कागद उचलून वाचले. नियम नववा, टायर मूळचेच हवेत. नियम चौदावा, रंग पुन्हा दिलेला चालणार नाही. नियम एकोणिसावा, स्क्रूसुद्धा मूळचेच.

“डॉक्टर बाहेर राहावेत, एवढंच ना? मग तेवढंच लिहा की.”

“नियम माणसासाठी नसतात, तत्त्वासाठी असतात.”

“हो, पण तुमच्या तत्त्वाचा दातांचा दवाखाना आहे,” असं म्हणून तिने झाकलेलं ताट त्यांच्या कागदांवर ठेवलं.

रविवारी रोपवाटिकेतल्या लांब बाकावर तपासणी सुरू झाली. पहिला नंबर बेकरीवाल्यांचा होता. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून टायर पाहिले.

“हे नवे आहेत.”

“साचा तोच आहे हो! कंपनी तीच!”

“रबर नवं आहे.”

“जुनं टोस्टसारखं चुरत होतं! टोस्टवर गाडी चालवू?”

“अपात्र,” घड्याळजींनी वहीत लिहिलं.

बेकरीवाले घरी गेले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण ते बाकाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि पुढची गाडी स्वतः तपासायला लागले. शिंप्यांच्या गाडीचा रंग नवा निघाला. मग शिंपीही बाकाच्या त्या बाजूला आले आणि त्यांनी वायरमनच्या गाडीतला एक स्क्रू पकडला. जो बाद होई तो तपासनीस होई, आणि नवा तपासनीस जुन्यापेक्षा कडक निघे. अर्ध्या तासात सहा गाड्या बाद झाल्या. सातवी डॉक्टरांची. ती त्यांनी स्वतःच हसत हसत बाजूला ठेवली.

“माझं सोडा,” ते म्हणाले, “पण सचिवांची गाडी कोण तपासणार?”

“खुशाल तपासा,” घड्याळजी छाती पुढे काढून म्हणाले.

डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला. गाडी उलटी केली, आरसा मागच्या चाकाच्या आत घातला आणि सवयीने म्हणाले, “अजून थोडं मोठं उघडा... हं. डावीकडे, मागे. हा बेअरिंग नंतर बसवलेला दिसतोय.”

घड्याळजींनी भिंग लावून वाकून पाहिलं. बारा वर्षांपूर्वी तो बेअरिंग झिजला होता. मिळेना, म्हणून त्यांनी दुकानातल्या लेथवर नवा घडवला होता. इतका बेमालूम की पुढे स्वतःच विसरून गेले.

“तो मी हाताने केलाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “तीन दिवस लागले होते.”

“काम सुंदर आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “पण मूळचा आहे का?”

घड्याळजींनी वही पुढे ओढली आणि आपल्याच नावापुढे वळणदार अक्षरात लिहिलं, ‘अपात्र’.

आठच्या आठ गाड्या बाद. आता करायचं काय, म्हणून मंडळी एकमेकांकडे बघत असतानाच फाटकातून एक ताठ कण्याच्या बाई पुठ्ठ्याचा खोका घेऊन आल्या.

“जुन्या गाड्यांची तपासणी इथेच ना? बेकरीत कागद लावलेला वाचला.”

सगळे खोक्याभोवती गोळा झाले.

“गर्दी नको. ओळीत उभे राहा.”

आठ पोक्त माणसं मुकाट ओळीत उभी राहिली. डॉक्टरांनी तर शर्टही आत खोचला. का खोचला, ते त्यांनाही कळलं नाही.

खोक्यात रिमोटसकट एक लाल गाडी होती. घड्याळजींनी भिंग लावलं आणि एकेक नियम वाचत गेले. टायर मूळचे, रंग मूळचा, स्क्रूला पेचकस लागलेलासुद्धा नाही. एकतिसाव्या नियमापुढेही त्यांनी बरोबरची खूण केली.

“बाई, ही नियमात बसते! पूर्णपणे बसते! आपली आहे का?”

“माझी कशी असेल? मी शिक्षिका होते. जप्त केलेली आहे. सातवी ब, भूगोलाचा तास. बाकाखालून फिरत होती.”

“तिसऱ्या बाकाखालून,” ओळीच्या टोकाकडून बारीक आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. डॉक्टर पांढरेफटक पडले होते.

“बाई, ती माझी आहे. खाली कर्कटकाने फुली कोरलेली असेल.”

फुली होती. बाईंनी चष्मा वर सरकवून डॉक्टरांना नीट न्याहाळलं.

“तुला आईला घेऊन ये म्हटलं होतं.”

“हो, बाई.”

“आणलंस?”

“नाही, बाई.”

“मग आण. तोवर गाडी माझ्याकडे.”

बाई खोका घेऊन निघून गेल्या. बेकरीवाल्यांनी आधी बोटांवर हिशेब केला आणि मग मोठ्याने सांगितला. “म्हणजे मिलीमीटरांच्या नियमात जगात एकच गाडी बसते, आणि ती डॉक्टरांची!”

घड्याळजी मटकन बाकावर बसले. नवल म्हणजे डॉक्टरही शेजारी तसेच बसले.

“तुम्हाला काय झालं? तुम्ही तर जिंकलात,” घड्याळजी म्हणाले.

“आईला मी सांगितलं होतं की गाडी शेजारच्या मित्राने नेली आणि परत दिली नाही.”

“मग आता सांगा खरं. चाळीस वर्षं झाली. त्या आता केवढ्या?”

“अठ्ठ्याहत्तर. पण हात अजून चालतो.”

पुढच्या रविवारी डॉक्टर आईला घेऊन आले. बाई खोका घेऊन आधीच हजर होत्या. डॉक्टरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे शेजारणीच्या मुलाने घेतलीच नव्हती?”

“नाही.”

“अरे मेल्या! चाळीस वर्षं मी तिच्याशी बोलत नाही! तिचं तोंड दिसू नये म्हणून मागच्या दाराने ये-जा करते मी!”

मारलं नाही, पण डॉक्टरांचा कान मात्र धरला. बाईंनी समाधानाने गाडी त्यांच्या हवाली केली.

“आता दाखव पळवून,” आई म्हणाली. “शर्यत आहे ना?”

“काकू, शर्यत होणार नाही,” घड्याळजी चाचरत म्हणाले. “नियमात ही एकच गाडी बसते.”

“मग हिने शर्यत कोणाशी लावायची? कुणी केले असले नियम?”

सात जणांना एकदम ट्रॅकवरचे खडे वेचायचे आठवले. घड्याळजी एकटेच उभे राहिले. “मी,” ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दुसऱ्या नियमापासून एकतिसाव्यापर्यंत एक आडवी-तिडवी रेघ ओढली. पट्टी न लावता. ‘गाडी चाळीस वर्षांपूर्वीची असावी’, एवढंच उरलं. लाल गाडीची बॅटरी मेलेली होती. मूळच्या बॅटरीची ऐशी की तैशी म्हणत त्यांनी स्वतःजवळची जादाची नवी बॅटरी तिच्यात बसवून दिली.

“बेअरिंग कोरडे पडलेत,” ते डॉक्टरांना म्हणाले. “संध्याकाळी दुकानात आणा. एखादा झिजला असेल तर घडवून देईन.”

“मूळचा वाटेल असा?”

“तुमच्या आरशालाही कळणार नाही असा.”

पिवळीच्या जागी लाल, अशा आठ गाड्या रेषेवर लागल्या. घड्याळजींनी शिट्टी तोंडात धरली. तेवढ्यात डॉक्टरांच्या आईने हात वर केला.

“थांबा जरा. बाळ्या, शेजारी फोन लावून दे.”

आठच्या आठ मोटरी बंद झाल्या. डॉक्टरांनी फोन लावून आईच्या कानाशी धरला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. घड्याळजींनी शिट्टी तोंडातून काढून हळूच खिशात टाकली.

“अगं, मी बोलतेय,” आई म्हणाली. “मी! कोण म्हणजे काय? शेजारून!”

शर्यत पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाली. सचिवांच्या वहीत त्याची नोंद नाही.