चारशे सतरावं घर

चिंचखिंडीचे द्राक्षबागायतदार गेणभाऊ यांनी दोन हजार दोन सालच्या जानेवारीत आपल्या छोट्या ट्रॅक्टरला घरच्या घरी गरम केबिन बसवली. कारण साधं होतं. थंडीत गेणभाऊंचे गुडघे आणि बोटांची पेरं आखडत. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गार वाऱ्यात जाऊ नका. द्राक्षांवरच्या भुरीचं, म्हणजे पांढऱ्या बुरशीचं, औषध मात्र ऊन चढायच्या आत, म्हणजे गार वाऱ्यातच मारावं लागतं. डॉक्टर आणि भुरी, दोघांचाही मान राखायचा तर माणसाला खोलीत बसून बागेत जाता आलं पाहिजे, या निष्कर्षाला गेणभाऊ आले.

डिंगोऱ्याच्या भिका वेल्डरने अँगलचा सांगाडा उभा केला. पुढची काच भंगारातल्या जीपची. दोन्ही दारं एका लोखंडी कपाटाची; त्यातल्या एकावर आरसा तसाच होता, तो मागचं बघायला कामी आला. रेडिएटरमधलं गरम पाणी रबरी पायपाने आत आणून सीटखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवलं आणि त्याच्यामागे जीपचाच पंखा लावला. मांडवाच्या तारा अडकू नयेत म्हणून छप्पर इतकं खाली घेतलं होतं, की गेणभाऊंना टोपी काढून बसावं लागे. पहिल्याच सकाळी त्यांची बोटं सरळ झाली. सरूबाई, म्हणजे त्यांची बायको, पाच मिनिटं आत बसली आणि म्हणाली, "एवढी ऊब माझ्या सैपाकघरात न्हाई."

हे सगळं इथंच थांबायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात शाळेतले गुरुजी घरांची यादी करायला आले. चिंचखिंड ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेत उतरली होती, आणि शिकवण्यातून वेळ काढून घरं मोजण्याचं, किंवा घरं मोजण्यातून वेळ काढून शिकवण्याचं काम गुरुजींकडे होतं. सकाळची वेळ होती आणि गुरुजी कुडकुडत होते. गेणभाऊंनी कौतुकाने त्यांना केबिनमध्ये बसवलं, इंजीन चालू केलं आणि दार लावून घेतलं. गुरुजींनी मांडीवर फॉर्म पसरला.

"घर किती खोल्यांचं?"

"तीन."

"यंदा नवीन काय बांधलं?"

आता गेणभाऊ 'काही नाही' असं म्हणू शकले असते. पण केबिन पाहायला निमगाव सावाहून पाहुणे येऊन गेले होते, आणि कौतुकाची माणसाला सवय लागते. ते म्हणाले, "ही केबिन बांधली की."

गुरुजींनी मागच्या पानावरची, घर कशाला म्हणावं याची सूचना वाचली. छप्पर असावं, दार असावं, उष्णतेची सोय असावी आणि माणसाचा नियमित वावर असावा. त्यांनी वर पाहिलं, दाराकडे पाहिलं, पायाशी हात नेऊन ऊब पाहिली.

"गेणभाऊ, हे घरात बसतंय."

"आवो गुरुजी, ट्रॅक्टर हाय ह्यो."

"मला म्हाईत हाय. पण फॉर्मात ट्रॅक्टरचा रकाना न्हाई. अन् नवीन बांधकाम सोडलं तर मला नोटीस येती."

गुरुजींनी खडूने कपाटाच्या दारावर ४१७ असा आकडा घातला. खरं सांगायचं तर गेणभाऊंना तो आकडा बरा दिसला. उभ्या गावात दोन घरं असलेला दुसरा माणूस फक्त सरपंच होता.

यादी तालुक्याला गेली आणि चार दिवसांनी ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, ते सरपंच चिमाजींना घेऊन गेणभाऊंच्या अंगणात आले. दोघांचे चेहरे एखाद्याला भेटायला दवाखान्यात जावं तसे होते.

"भाऊ, गावात घरं चारशे सतरा," भाऊसाहेब म्हणाले, "अन् संडास चारशे सोळा."

"कोणाचा ऱ्हायला?"

दोघांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं.

गेणभाऊंनी सुचवलं की ते घर यादीतून खोडावं. भाऊसाहेबांनी शांतपणे समजावलं, की यादीवर शिक्का बसला आहे. खोडाखोड दिसली तर आख्खी यादी संशयित ठरते, आणि गाव बाद होतं. त्यापेक्षा संडास बांधणं सोपं. तो सरपंचांनी एका दिवसात बांधून दिला, ट्रॅक्टरपासून दहा पावलांवर, पांढरा रंग देऊन. खर्च गावाचा होता, त्यामुळे गेणभाऊंना तक्रार करायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला, तर चिमाजी धोतराचा सोगा धरून पळत आले.

"कुठं निघाला?"

"बागंत. औषध मारायचंय."

"आरं, घर हलवू नको. तपासणी समिती कवाबी येईल. घर बागंत अन् संडास हितं, आसं दिसलं तर काय सांगू मी?"

"सरपंच, भुरी पडंल."

"आठ दिसाचा प्रश्न हाय. गावाच्या इज्जतीपुढं भुरी मोठी हाय का?"

गेणभाऊंनी इंजीन बंद केलं. संध्याकाळपर्यंत चाकं हलू नयेत म्हणून त्यांना विटांची उटी लागली, बॉनेटवर तुळशीची कुंडी आली, आणि सरपंचांच्या सूनबाईंनी पुढच्या चाकाभोवती रांगोळी काढली.

भुरी तिसऱ्या दिवशी आली. घडांवर पीठ भुरभुरावं तशी पांढुरकी कळा दिसू लागली. गेणभाऊंनी पाठीवरचा पंप काढला. गुडघे न वाकणाऱ्या माणसाने पाठीवर पंप घेऊन दोन एकर मांडवाखालून फिरायचं म्हणजे काय, हे सरूबाईने पाहिलं आणि चार ओळींनंतर पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. गार वारा सुटला होता. बांधावर बसून गेणभाऊ बोटं काखेत धरून तिच्याकडे बघत राहिले. तिकडे अंगणात त्यांची गरम केबिन विटा लावून उभी होती. सहा दिवसांत दोघांनी मिळून निम्मी बाग कशीबशी ओली केली. उरलेल्या निम्म्या बागेत मणी तडकायला लागले.

"ट्रॅक्टर काढा," सरूबाई म्हणाली. "कोण काय करतंय बघू."

"समिती उद्या हाय म्हणत्यात."

"काल बी उद्याच व्हती."

समिती नवव्या दिवशी आली. थंडी कडाक्याची होती आणि जीपचा मागचा कापडी पडदा फाटलेला होता, त्यामुळे समितीचे अध्यक्ष उतरले तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. जीप वेशीत दिसताच चिमाजींनी गेणभाऊंना इंजीन चालू करायला लावलं होतं. अध्यक्ष पांढरा संडास बघून पुढे आले आणि थबकले. त्यांनी चाकं पाहिली, स्टेअरिंग पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "हा ट्रॅक्टर आहे ना?"

भाऊसाहेबांनी यादी पुढे केली. "यादीत घर आहे, साहेब."

अध्यक्षांनी यादी पाहिली, शिक्का पाहिला. "मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

ते पाऊण तास बाहेर आले नाहीत. सदस्य आळीपाळीने दारात डोकं घालून माहिती विचारत होते आणि आतून उत्तरं येत होती. चुलीचा, म्हणजे इंजिनाचा, धूर सायलेन्सरने घराबाहेर जातो, म्हणून निर्धूर चूल अशी नोंद झाली. पुढे दोन दिवे होते, म्हणून वीज आहे. पाया रबरी असल्याचं एका सदस्याने दाखवून दिलं, तेव्हा अध्यक्षांनी 'भूकंपरोधक' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला.

गेणभाऊंनी ठरवलं होतं, साहेब उतरले की त्यांना सरळ बागेत न्यायचं आणि घड दाखवायचे. साहेब उतरले, त्यांनी गेणभाऊंचा हात हातात घेतला आणि फोटोवाला समोर आला. गेणभाऊंनी टोपी सारखी केली आणि हसले. फोटो चांगला आला. सरूबाई मात्र त्यात उभी राहिली नाही.

चिंचखिंडीचा तालुक्यात पहिला नंबर आला. आता जिल्ह्याची समिती येणार होती, म्हणून विटा काढू नयेत असा निरोप आला. गेणभाऊ द्राक्षाच्या नुकसानीचा अर्ज घेऊन शेती खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "ट्रॅक्टर असताना वेळेवर फवारणी का केली नाही?"

"ट्रॅक्टरचं घर झालं व्हतं, साहेब."

"मग घरपट्टीची पावती जोडा."

त्या दिवशी गेणभाऊ घरी आले ते भिकाला घेऊनच. भिकाने गॅस कटरने चार ठिकाणी कापलं, सहा जणांनी केबिन उचलली आणि संडासाशेजारी जमिनीवर ठेवली. गावाचं घर गावाला राहिलं, ट्रॅक्टर गेणभाऊंना मिळाला. उरलेल्या दहा-बारा फवारण्या त्यांनी मफलर गुंडाळून, उघड्यावर बसून केल्या. बोटं पुन्हा वाकडी झाली, पण निम्मी बाग हाती लागली.

जिल्ह्यात चिंचखिंडीचा दुसरा नंबर आला, आणि मग अभ्याससहली सुरू झाल्या. पाहुणे ओळीने यायचे, केबिनमध्ये एकेक मिनिट बसायचे आणि भाऊसाहेबांनी बाहेर टेबलावर ठेवलेल्या वहीत अभिप्राय लिहायचे. सर्वांत वर तालुका समितीच्या अध्यक्षांचा, केबिन ट्रॅक्टरवर असतानाचा अभिप्राय होता: 'घरात सुखद ऊब आहे.' त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, 'सुखद ऊब जाणवली.' तिसऱ्याने, 'ऊब अनुकरणीय.'

गेणभाऊ पहिले काही दिवस प्रत्येकाला सांगत, "आवो, इंजीन बागंत हाय. निस्ता पत्रा हाय ह्यो." पाहुणे नम्रपणे माना हलवत आणि लिहायला रांगेत उभे राहत. एकदा आंबेगाव तालुक्यातल्या एक बाई आतून दोन्ही दंड चोळत बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "लई गार हाय ओ आत." नवऱ्याने वहीवर एक नजर टाकली आणि हलकेच म्हटलं, "आगं, एकशेबारा लोकांनी लिवलंय." बाईंनी पेन घेतलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि एकशेतेरावा अभिप्राय लिहिला. 'ऊब छान आहे.'

या बाईंना हसायला आमची ना नाही. केबिन आजही उघडी आहे, पत्रा बर्फासारखा आहे, आणि पुढचा नंबर तुमचा आहे. एक मिनिट आत बसा, बाहेर या. वही टेबलावर आहे, भाऊसाहेब हसून पेन पुढे करताहेत, आणि तुमच्या मागे बरीच मोठी रांग आहे.