कलपाची मोहीम आणि पडद्यांचा घात

जाणत्या, समंजस मंडळींच्या सेवेसी अर्ज ऐसा जे, पूर्वी थोर थोर राजे जाहले, त्यांनी गड घेतले, मुलूख मारिले आणि त्यांच्या हकीकती लिहिणारे ठायी ठायी दौत घेऊन बसले होते. परंतु एका संसारी बाईने आपल्याच डोक्यावरील मुलूख परत मिळवण्याकरिता जी मोहीम काढिली, तीत जे जे सोसले आणि अखेर ज्या रीतीने फत्ते पाविली, त्याचे टिपण कोणी ठेविले नाही, कारण त्या समयी जवळ जे होते ते हसत होते. सबब हे काम आम्ही शिरावर घेतले. यात पदरचे काही घातले नाही. घातले ते चवीपुरते.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढण्याचे काम बाईसाहेबांकडे होते. वय पन्नास पुरे होऊन वर एक. शहराच्या पोटात कोणता नळ कोठे वळतो आणि कोणती झडप कोणत्या साली बसविली, हे त्यांस तोंडपाठ, आणि नकाशात काही अडले तर थोरले इंजिनियर जातीने उठोन त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहात, ऐसा दरारा. परंतु कचेरीचा उंबरा ओलांडला की बाईसाहेब बहुत भिडस्त. भाजीवाल्याने मऊ टोमॅटो घातले तरी ‘असू दे’ म्हणोन घेऊन येत, आणि यजमान म्हणत की भीड भिकेची बहीण, तर तेही निमूट ऐकोन घेत.

लग्नास पुष्कळ वर्षे लोटल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी, घरी कन्यारत्न जन्मास आले, आणि त्याच सुमारास पांढरा गनीम कानशिलांच्या दोन ठाण्यांतून आत शिरला. मग भांगाची वाट धरोन माथ्यावर चढला, आणि बाईसाहेब बाळंतपण, बाळाचे दुखणेखुपणे आणि कचेरी यांत गुंतल्या आहेत हे हेरोन, एके दिवशी सारा मुलूख काबीज करोन बसला. बाईसाहेबांनीही त्यास फारसा विरोध केला नाही. त्यांस वेळ नव्हता.

मोहिमेचे कारण शाळेत घडले. त्या शाळेत ऐसा शिरस्ता की वर्षातून एकदा पालकाने वर्गात यावे आणि आपण कोणते काम करितो ते मुलांस सांगावे. गतवर्षी बाईसाहेब नकाशाची सुरळी काखेत मारोन गेल्या, तो वर्गाच्या दारातच पहिल्या बाकावरील एक पोरगी मोठ्याने म्हणाली, “अगं, तुझी आजी आली!” वर्ग हसला. कन्या हसली नाही. खाली मान घालोन पेन्सिलीला टोक करीत बसली, आणि टोक तुटेस्तोवर करीतच राहिली. बाईसाहेबांनी ते पाहिले. मग मुलांस कोणते नळ दाखविले आणि कोणते नाही, हे त्यांस आजतागायत आठवत नाही.

यंदा पुन्हा तो दिवस आला. बुधवारी शाळेची चिठ्ठी घरी पोचली, शनिवारचा दिवस मुक्रर जाहला, आणि कन्येने ताटातून मान वर न करिता सांगितले, “या वेळी बाबांना पाठव ना.” यजमान विम्याचे कागद तपाशीत असत, त्यांनी वर्गापुढे बोलावे, ऐसे खुद्द त्यांसही कधी वाटले नव्हते. बाईसाहेब ‘बरं’ म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडोन बराच वेळ एकच पातेले घाशीत राहिल्या. त्यांस फार लागले होते. ते झाकोन ठेवण्यात अर्थ नाही. नळाचे पाणी इतका वेळ वाया घालविण्याची त्यांच्या आयुष्यातील ती पहिली वेळ. आणि पातेले लख्ख जाहले तेव्हा मनसुबाही पक्का जाहला, की गनीम शनिवारच्या आत मुलखातून हाकून लावावा आणि आपण या पोरीची आई आहोत, हे चारचौघांस लांबूनच दिसावे.

मग मसलतीकरिता थोरल्या जाऊबाईंस फोन केला. जाऊबाई म्हणजे कोणती वस्तू कोठे स्वस्त मिळते याची बित्तंबातमी राखणाऱ्या. जे महाग ते फसवे आणि जे स्वस्त ते प्रामाणिक, हे त्यांचे राज्यशास्त्र. त्या म्हणाल्या, “अगं, त्या चकचकीत सलूनमध्ये कशाला जातेस? तिथं नुसतं पाणी द्यायला वेगळा माणूस असतो. औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक पार्लर आहे, अर्ध्यात होतं सगळं. माझ्याबरोबर चालायला येतात त्यातल्या चौघी तिथंच जातात.” त्या चौघींपैकी तिघी अलीकडे ऐन उन्हाळ्यातही डोक्यास रुमाल बांधोन का चालतात, हे विचारण्याचे बाईसाहेबांस सुचले नाही, आणि जाऊबाईंनी आपण होऊन सांगितले नाही.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकोन खाशी स्वारी जिना चढली. आत तीन खुर्च्या. पैकी एक मोडकी, एकीवर मासिकांचा ढीग, आणि तिसरी चालू, परंतु बसणारा इसम तीत हळूहळू खाली जात असे. समोर लांबरुंद आरसा, बाजूस खिडकी, खिडकीस जाड मरून पडदे. मालकीणबाई काळा एप्रन लेवोन सज्ज. त्यांचा हात चाले आणि तोंड त्याहून चाले. मागल्या खोलीत त्यांची नणंद टॉवेल धुण्याच्या मशीनवर तैनात.

येथे एक शिरस्ता सांगितला पाहिजे, कारण पुढील सारा अनर्थ त्याच्याच पोटी जन्मला. भिंतीवरील घड्याळ कधीचेच बंद होते, आणि मालकीणबाईंचा फोन सदैव कानास, म्हणोन वेळ पाहण्याचे काम त्या दुकानात मशीनकडे होते. कलप लावोन होताच नणंदेने टॉवेल मशीनमध्ये टाकावे. टॉवेल धुण्यास चाळीस मिनिटे लागत. मशीनची शिट्टी वाजताच डोके धुवावे. या रीतीने दोन वर्षांत एकही डोके वाया गेले नाही, ऐसे मालकीणबाईंचे म्हणणे. डोक्यांचे म्हणणे कोणी लिहून ठेविले नाही.

मग रंगाचे कार्ड पुढे आले. त्यावर केसांचे लहान लहान झुपके नंबर घालोन चिकटविलेले, त्यांतून बाईसाहेबांनी बहुत विचारांती दालचिनीसारखा साधा तपकिरी पसंत केला, आणि मालकीणबाईंनी ‘तुमच्या स्किनला हाच खुलेल’ ऐसी मान्यता दिली. बोट शेजारच्या झुपक्यावर पडते तरी त्यांनी हीच मान्यता दिली असती. मग बाईसाहेबांचा चष्मा काढोन ठेविला. तो उणे सात नंबरचा. तो उतरला की समोरचा आरसा, मालकीणबाई आणि मोडकी खुर्ची ही सारी एकाच धुक्यात मिसळोन जात. मग वाटीत रंग कालविला, कुंचला चालला, पांढऱ्या गनिमास मुळापासोन शेंड्यापर्यंत माखोन काढिले, वर प्लॅस्टिकची टोपी चढविली आणि मालकीणबाईंनी आत हुकूम सोडिला की मशीन लावावे.

नणंदेने मशीन लाविले. परंतु टॉवेलांचे नाही. दुकान उघडल्यापासोन खिडकीचे पडदे धुतले नव्हते आणि त्यावरोन सकाळीच तिची कानउघाडणी जाहली होती, तेव्हा वहिनी फोनवर पाठमोरी असता तिने रागारागाने पडदे उतरविले, मशीनमध्ये कोंबिले आणि बटण फिरवोन ‘अतिमळके कपडे’ येथे आणोन ठेविले. त्या चक्रास दोन तास लागतात. हे वहिनीस सांगावे, ऐसे तिच्या मनात आले. परंतु सांगितले तर ‘आधी टॉवेल का नाही टाकले’ म्हणोन दुसरे प्रकरण उभे राहील, म्हणोन ती गप्प राहिली. घात जाहला तो येथे.

इकडे बाईसाहेब मशीनचे घरघरणे ऐकत बसल्या. प्रथम डोके गार वाटले, मग कोमट, मग खाज सुटली, मग कानामागोन रंगाचा एक ओघळ मानेवर उतरला, आणि मग टाळूस आग लागली. बाईसाहेबांनी एकवार अर्ज केला, “झालं का हो?” मालकीणबाईंकडून फोनवरच्या बोलण्यात किंचित खंड पाडोन उत्तर आले, “मशीन थांबलं की झालंच, ताई. मुरू द्या जरा.” एकदा विचारिले, आता पुन्हा विचारावे तर त्यांस वाटेल की आपला भरवसा नाही, ऐसा पोक्त विचार करोन बाईसाहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरिले. दरम्यान एक बाई येऊन उभ्यानेच भुवया करोन गेली. दुसरी येऊन नुसत्या गप्पा मारोन गेली. खुर्ची खाली खाली जात बाईसाहेबांची हनुवटी आरशापुढच्या फळीस टेकली, तरी मशीन थांबेना. ज्या बाईपुढे इंजिनियर उभे राहात, तिच्याने ‘माझं डोकं भाजतंय’ हे तीन शब्द बोलवले नाहीत.

शेवटी घात उघडकीस आला तो उन्हामुळे. दुपार कलली, ऊन खिडकीतोन सरळ आत आले आणि आरशावर आपटोन मालकीणबाईंच्या डोळ्यांत गेले. त्यांनी फोन खाली ठेविला आणि विचारिले, “पडदे कुठे गेले गं?”

आतून उत्तर आले. “आत आहेत, वहिनी. मशीनमध्ये.”

यानंतर जी धावपळ जाहली ती वर्णावयास लेखणी असमर्थ. बाईसाहेबांस मूल उचलावे तैसे उचलोन बेसिनपाशी नेले, टोपी ओढिली, पाणी सोडिले. कलप डोक्यावर जाऊन एक तास पन्नास मिनिटे जाहली होती. पुसोन, वाळवोन चष्मा डोळ्यांवर ठेविला, आणि बाईसाहेबांनी आरशात पाहिले, तो डोक्यावर वांग्याचा रंग. भरताच्या वांग्याचा, तेल लावल्यागत चकाकणारा, काळ्याच्या पलीकडे जाऊन जांभळ्यात शिरलेला. कपाळावर त्याच रंगाची बोटभर रुंद पट्टी आणि दोन्ही कान रंगोन निघालेले.

मालकीणबाईंनी मागे सरोन, मान तिरकी करोन निर्वाळा दिला, “रंग पक्का बसलाय बघा. उन्हात गेलात की शेड दिसेल.” आणि आता पाहा, भिडेचा पराक्रम कोठवर जातो. बाईसाहेब म्हणाल्या, “छान आहे हो.” मग दाराशी ठेविलेल्या अभिप्रायाच्या वहीत ‘उत्तम सेवा’ ऐसे वळणदार अक्षरांत लिहिले, सही केली, आणि ओढणी कपाळापर्यंत ओढोन जिना उतरल्या.

घरी येऊन तीन वेळा डोके धुतले. पाणी जांभळे जाहले, केस ढळले नाहीत. सायंकाळी यजमान घरी आले, त्यांनी पाहिले, चष्मा पुसोन पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “वेगळं वाटतंय.” इतकी सावध भाषा त्यांस विम्याच्या कागदांनी शिकविली होती. जाऊबाईंचा फोन आला, त्यांनी सारी हकीकत ऐकोन घेतली आणि विचारिले, “पण पांढरा एक तरी राहिला का सांग?” बाईसाहेबांनी फोन ठेवोन दिला.

कन्या खेळोन आली तेव्हा बाईसाहेब न्हाणीघरात स्टुलावर, गळ्यात ओला टॉवेल टाकोन बसल्या होत्या. दार उघडेच होते. त्या म्हणाल्या, “उद्या बाबा येतील शाळेत.” कन्येने डोक्यास एक प्रदक्षिणा घातली, एक बट बोटात धरोन पाहिली आणि सोडोन दिली. बट होती तैसीच ताठ उभी राहिली.

“का केलंस हे?”

“परत कुणी आजी म्हणू नये म्हणून. तुला लाज वाटली होती ना मागच्या वेळी.”

एखादी थोर बाई येथे ‘छे, मुळीच नाही’ म्हणाली असती. कन्या नऊ वर्षांची. तिने नीट आठवोन पाहिले आणि खरे ते सांगितले. “थोडी वाटली होती.”

“आणि आता?”

“आता तर खूपच वाटेल.” मग ती स्टुलाशेजारी ओल्या फरशीवरच बसली. “पण तूच ये. बाबा आले तर तू इथं अशी बसलेली असशील, आणि मग मला वर्गात काही ऐकूच येणार नाही.”

बाईसाहेबांनी टॉवेलात तोंड लपविले. टॉवेल त्यापूर्वीच ओला होता, त्यामुळे किती रडल्या याचा हिशेब लागत नाही. जाण्याचे मात्र ठरले.

शनिवारी सकाळी खाशी स्वारी निघाली. ओढणी घेतली नाही. कन्येने घेऊ दिली नाही. शाळेच्या लांब व्हरांड्यात शिपाई थबकला, दोन शिक्षिकांनी बोलणे तोडिले, आणि कन्येचे कान तापोन लाल जाहले हे बाईसाहेबांस स्पष्ट दिसले. परंतु तिने धरिलेला हात सोडिला नाही, उलट चालता चालता आणखी आवळिला. ऐसी दोघी चौथी ब च्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग पहिल्या बाकावरील तीच पोरगी, तोच आवाज, सगळ्यांस ऐकू जाईल ऐसे म्हणाली, “अगं, तुझ्या आईच्या केसांना काय झालं?”

आणि सारा वर्ग एका तोंडाने ‘आईचे केस’, ‘तिच्या आईचे केस बघ’ ऐसे करीत हसो लागला, मागच्या बाकांवरचे बाकावर उभे राहिले, वर्गशिक्षिकेस खोकला लागला तो थांबेना, आणि कन्येने, यात न समजण्यासारखे काय आहे ऐशा स्वरात, वर्गास सांगितले, “पार्लरमध्ये पडदे धूत होते.”

बाईसाहेबांनी नकाशा फळ्यावर लाविला आणि बोलावयास आरंभ केला.

सबब कायम नोंद करितो ती ऐसी. त्या दिवशी चौथी ब मध्ये सदतीस मुले हजर होती. कन्या वजा जाता छत्तीस हसली. हसता हसता सर्वांच्या तोंडी ‘आई’ हा शब्द आला. ‘आजी’ हा शब्द एकाच्याही तोंडी आला नाही. ज्या कारणास्तव मोहीम निघाली ते कारण सिद्धीस गेले, याकरिता मुलूख जिंकिला ऐसे समजावे. रंग अद्याप उतरला नाही. कळावे.