बेबीचा कडता

बेबीच्या आईबापाचं लग्न हंबीररावांनीच जुळवलं होतं. ते मोडताना मात्र त्यांना कुणी विचारलं नाही, याची चुटपुट त्यांच्या मनाला लागून होती. म्हणून घटस्फोटानंतर दर रविवारी होणारा तंटा आपणच मिटवणार, असं त्यांनी मिशीवर ताव देत जाहीर करून टाकलं.

"तीस वर्सं शाहूपुरीत गूळ तोलतोय," ते म्हणाले. "शेतकरी आन् अडत्याची भांडणं ह्या हातानं मिटलीत. ह्ये तर सहा वर्साचं पोर हाय."

तंटा असा, की कोर्टानं बेबीला आईकडं, म्हणजे नंदिनीकडं दिलं होतं. रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती बापाची, बाळासोची. पोर परत आली की नंदिनीची आई चिमणाबाई तिचे दंड चाचपायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणायची, "वाळली की पोर! उपाशी ठेवतोय मुडदा." बाळासो दारातूनच उत्तर द्यायचा. मग गल्ली गोळा व्हायची. शेवटी चिमणाबाईनं वकिलाकडं जाऊन रविवारच बंद करायची धमकी दिली, तेव्हा बाळासो हबकला. त्याचा सगळा आठवडा त्या एका दिवसाच्या आशेवर ढकलला जायचा.

हंबीररावांनी तोडगा काढला. "पोर सकाळी माझ्या काट्यावर द्यायची, सांजच्याला काट्यावरच घ्यायची. काटा कुणाचा पावणा न्हाय."

पहिल्या रविवारी बेबी सकाळी अठरा किलो भरली. संध्याकाळी हंबीररावांनी पुकारलं, "साडेसतरा!"

"घ्या," चिमणाबाई म्हणाली. "आता काटाच बोलतोय."

बाळासो चाट पडला. दुसऱ्या रविवारी त्यानं कंबर कसली. सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध, दुपारी मटण, वर दोन वाट्या पांढरा रस्सा आणि तीन केळी. बेबी सकाळी अठरा होती, संध्याकाळी पावणेअठरा!

"मटण गेलं कुठं?" बाळासोनं विचारलं. हंबीररावांनी काटा घासूनपुसून त्याला तेल घातलं, सकाळ-संध्याकाळ स्वतः त्यावर उभे राहिले. काटा चोख होता. तिसऱ्या रविवारी पोर पुन्हा घटली, तेव्हा त्यांनी हळूच चिमणाबाईला विचारलं, "दृष्ट तर न्हाय?"

"दृष्ट कसली? बाप हाय त्यो," ती म्हणाली. "ह्या खेपंला घटली, तर सोमवारी वकील."

चौथ्या रविवारी पोर चालून झिजू नये म्हणून बाळासोनं तिला दिवसभर खांद्यावरून फिरवलं. संध्याकाळी तो काट्यापाशी घामाघूम उभा राहिला. त्या दिवशी नंदिनीसुद्धा आली होती. बापाकडून आलेल्या बेबीच्या हातात निम्मं केळं होतं, आणि बाप एवढं खाऊ घालतोय तरी त्याचा रविवार जाणार, याचं तिला वाईट वाटत होतं.

हंबीररावांनी पुकारलं, "पावणेअठरा!"

"आजोबा," काट्यावरून बेबी म्हणाली, "काटा अठराच्या पुढं हाय की. तुम्ही मागं का म्हणता?"

नंदिनी पुढं आली, तिनं वाकून पाहिलं. सव्वाअठरा होते.

हंबीररावांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. बाजारात आलेल्या गुळाचं कापड-बारदान म्हणून अर्धा किलो वजा करायचा, त्याला कडता म्हणतात. तीस वर्षं तो त्यांच्या जिभेवर बसला होता. सकाळी पोर जायची, ती जावक, तिला कडता नाही. संध्याकाळी यायची, ती आवक.

"आल्या मालावर कडता धरायचाच असतोय," ते पुटपुटले.

"म्हंजे माझ्या लेकीला चार रविवार तुम्ही कापलं?" बाळासो म्हणाला.

"दोन किलो," नंदिनी म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची.

चिमणाबाईनं पदर सावरला. वकिलाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. बाळासोकडं न बघताच ती म्हणाली, "फुडच्या रविवारी मटण केलं, तर आमास्नी बी डबा धाडा."

"माझं कापलेलं परत द्या," बेबीनं हट्ट धरला. हंबीररावांनी मुकाट्यानं दोन किलो गूळ तोलून दिला आणि तंटा आपणच मिटवला, असं वाटेत भेटेल त्याला सांगत घरी गेले.

नंदिनीनं घरी जाताना तो गूळ कोपऱ्यावरच्या दुकानात तोलून पाहिला. दीड किलो भरला. परत दिलेल्या मालावरही अर्ध्या किलोचा कडता बसला होता.

पुढच्या रविवारी नंदिनी आणि बाळासो पहिल्यांदाच एकत्र आले, हंबीररावांशी भांडायला.