पाच एक्केचाळीसच्या आत

रिसोडच्या बाजारात भागचंदजींचं आडत दुकान आहे. त्या दुकानात भिंतीला एकच खिळा होता आणि त्या खिळ्यावर त्यांच्या वडिलांचा फोटो होता. बाकी भिंत कोरी. कॅलेंडरसुद्धा दारामागे. भिंतीला उगाच भोकं पाडणाऱ्या माणसाचा भागचंदजींना मनापासून राग यायचा, आणि त्यांचा राग म्हणजे अख्ख्या घराचा राग. त्याच भागचंदजींनी एके दिवशी नातवाला समोर बसवून सांगितलं, की दुकानात दुसरा खिळा ठोकावासा वाटेल असा एक फोटो काढून दाखव, नाहीतर एक तारखेपासून कॅमेरा कपाटात ठेव आणि वजनकाट्यावर येऊन बस.

नातवाचं नाव अर्हम. वय चोवीस. कापड दुकानाच्या माडीवर त्याचा स्टुडिओ होता आणि दोन वर्षं तिथं तो पासपोर्ट फोटो काढत होता. सामान मात्र दृष्ट लागावी असं. दोन कॅमेरे, तीन लेन्स, खालून आकडा असलेला भक्कम ट्रायपॉड, फ्लॅशवर चढवायचा छत्रीएवढा काळा सॉफ्टबॉक्स, आणि गोल रिफ्लेक्टर, एका बाजूनं सोनेरी, दुसऱ्या बाजूनं चंदेरी. या रिफ्लेक्टरवर त्याच्या दादीनं, म्हणजे अंगुरीबाईंनी, मागच्या उन्हाळ्यात मुगाच्या वड्या वाळवल्या होत्या. वड्या एका दिवसात खडखडीत वाळल्या. पोराच्या धंद्यातली एवढी एक वस्तू कामाची आहे, असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या होत्या.

अर्हमच्या डोक्यात फोटो ठरलेला होता. दादाजी-दादीच्या लग्नाला याच आठवड्यात पन्नास वर्षं होत होती. दोघं शेजारी उभे, मागं फुललेली तूर, आणि चेहऱ्यावर तिरपा सोनेरी उजेड. त्या उजेडात सुरकुतीसुद्धा देखणी दिसते, हे त्यानं मोबाईलवर शंभर वेळा पाहिलेलं. अडचण एकच होती. निसर्गानं हा उजेड दिवसातून दोनदाच ठेवलाय, आणि नेमक्या त्याच दोन वेळा दादाजींच्या जैन धर्मानं आधीच घेऊन ठेवलेल्या.

सकाळी नवकारशी. म्हणजे सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी चौविहार. म्हणजे सूर्य बुडायच्या आत जेवण आणि पाणी, दोन्ही उरकलेलं पाहिजे, मग थेट दुसऱ्या दिवशी. एक्केचाळीस वर्षांत भागचंदजींचा चौविहार एकदाही मोडला नव्हता. हातातलं घड्याळ ते त्यासाठीच पाच मिनिटं पुढं ठेवत.

तरी अर्हमनं आधी सकाळ करून पाहिली. पावणेसातला दोघांना गच्चीवर उभं केलं. उजेड असा पडला होता की त्याला भरून आलं. पण चहा न घेतलेले भागचंदजी म्हणजे काय चीज आहे, हे त्यानं हिशेबात धरलंच नव्हतं. सोयाबीनचा भाव एका रात्रीत पडल्यावर होतो तसा चेहरा. अर्हम हसा हसा म्हणत राहिला.

"नवकारशी आल्यावर हासतो," दादाजी म्हणाले.

आणि ते खरंच हसले. पूजा, चहा, नाश्ता उरकल्यावर, नऊ वाजता, छान तोंडभरून हसले. तोवर उजेड पांढराफट्ट झाला होता आणि दोघांच्या नाकांच्या सावल्या ओठांवर आल्या होत्या.

मग उरली संध्याकाळ. घरी पाचला ताटं मांडली जात, साडेपाचला पाणी पिऊन होई, आणि पाच एक्केचाळीसला सूर्य बुडे. चार वाजताच जेवून घ्या, अशी विनंती त्यानं केली. चार वाजता भूक ना तहान, कुठल्या घरात जेवतात, असा उलटा प्रश्न आला. शेवटी अंगुरीबाईंनीच तोड काढली. जेवण वावरातच, म्हणजे शेतातच न्यायचं. शालिग्राम नावाचा शेतकरी गेली वीस वर्षं यांच्याच आडतीत माल घालत होता, त्याचं वावर नऊ किलोमीटरवर, पश्चिमेकडं मोकळं, आणि तूर पिवळीधमक. अर्हमनं कागदावर वेळापत्रक लिहिलं. पावणेपाचला जेवण. पाच दहा ते पाच पस्तीस फोटो. मग पाणी. मग सूर्य बुडेना का.

लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी निघायच्या वेळी गाडीच्या डिकीत अंगुरीबाईंनी अर्धं स्वयंपाकघर भरलेलं. फुलके, गट्ट्याची भाजी, कढी, खिचडी, पापड, सतरंजी, दोन पाट. अर्हमचा ट्रायपॉड आणि सॉफ्टबॉक्स काही केल्या बसेना. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, एक जड प्लास्टिकची कॅन बाहेर काढून ओट्यावर ठेवली, आणि डिकीचं झाकण लावलं. कॅन कशाची हे पाहिलं नाही. कलावंत माणूस, उजेडाच्या घाईत होता.

वावरात सगळं वेळापत्रकाप्रमाणं झालं. शालिग्रामनं धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, जागा झाडून ठेवली होती. त्याची बायको पंचफुला बाजूच्या पट्टीत कापूस वेचत होती. दादाजी पोटभर जेवले, मोकळी हवा लागल्यामुळं दोन पापड जास्तच खाल्ले. पाच बाराला दोघं तुरीसमोर उभे राहिले. अंगुरीबाईंच्या चष्म्यावर उजेड चमकत होता, म्हणून अर्हमनं तो काढायला लावून आपल्या कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवला. उजेड मधासारखा उतरत होता. त्यानं डोळा कॅमेऱ्याला लावला आणि दादाजी म्हणाले, "पहिले पाणी दे रे. पापड खारट होते."

अर्हम डिकीकडं गेला. डिकीत पाट होते, सतरंजीची पिशवी होती. पाण्याची ती जड कॅन घरी ओट्यावर राहिली होती, हे त्याला तेव्हा कळलं.

शालिग्राम लगेच म्हणाला की विहीर आहे, पाणी गोड आहे. पण भागचंदजी उकळलेलंच पाणी पीत, कच्चं नाही. बाटलीबंदही नाही. घरी जाऊन यायला पाऊण तास. सूर्य बुडायला अठ्ठावीस मिनिटं. आणि आज पाणी मिळालं नाही, तर दोन पापड आणि एवढी कढी पोटात घेऊन उद्या सकाळी साडेसातपर्यंत बसायचं.

"फोटू जाऊ दे खड्ड्यात," दादाजी म्हणाले. "पाणी उकळा."

पंचफुला शहाणी बाई. कापूस टाकून तिनं जाळायला वाळक्या तुराट्या आणल्या, कडीचा डबा आणला, शालिग्रामनं विहिरीचं पाणी आणलं. पण काळ्या मातीचं रान, चुलीला मांडायला दगड नाही. शालिग्रामची नजर फिरत फिरत ट्रायपॉडवर गेली. तीन पाय आणि खाली आकडा, हे तर पाणी तापवायलाच बनवलेलं यंत्र दिसत होतं. कॅन अर्हमनंच बाहेर काढली होती. त्यानं स्वतःच्या हातानं ट्रायपॉडचे पाय फाकवले आणि आकड्याला डबा अडकवला.

जाळ लागला तर वारा सुटला. मग सॉफ्टबॉक्स आडवा धरून अर्हम वाऱ्याला आडवा बसला. त्याच्या समोर तूर सोन्यासारखी पेटली होती, दादाजींच्या पांढऱ्या सदऱ्याची किनार झळाळत होती, असा उजेड त्यानं मोबाईलवरही पाहिला नव्हता, आणि तो डब्याखाली फुंकर मारत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचफुलाला वाटलं धुरानं आलं.

पाच तेहेतीसला पाण्याला उकळी फुटली. आता ते थंड करायचं. एका लोट्यातून दुसऱ्या लोट्यात, ताटात, पुन्हा लोट्यात. अंगुरीबाईंनी रिफ्लेक्टर उचलला आणि दोन्ही हातांनी असा वारा घालायला लागल्या की तुरीचा पाला हलला. दादाजी एकदा घड्याळाकडं, एकदा सूर्याकडं पाहत होते. सूर्य धुऱ्याला टेकायला आला. लोटा अजून हाताला चटके देत होता.

"आता थंड-बिंड राहू द्या," भागचंदजी म्हणाले आणि त्यांनी लोटा वर करून घशात ओतला.

अर्हमनं कॅमेरा गळ्यातून उचलला आणि खटाखट बटण दाबलं. काही विचार करून नाही. राग आला होता, रडू आलं होतं, आणि हाताला दुसरं काही करता येत नव्हतं. अकरा फोटो निघाले.

लोटा खाली ठेवून दादाजींनी घड्याळ पाहिलं. पाच शेहेचाळीस. पुढची पाच मिनिटं वजा केली तर बरोबर एक्केचाळीस. बरोबर म्हणजे आधी की नंतर, हे घड्याळ सांगत नव्हतं. सूर्याकडं पाहिलं तर तो नव्हता. पिताना मान वर होती, म्हणून तो कधी गेला हे त्यांना दिसलं नव्हतं. शालिग्राम जाळ विझवत होता, पंचफुलाच्या डोळ्यांत धूर होता. राहिल्या अंगुरीबाई.

"तू त तिकडंच तोंड करून होती. मी प्यालो तवा सूर्य होता ना?"

अंगुरीबाईंनी रिफ्लेक्टर खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मले त नाही दिसला, बाप्पा."

घरी येईपर्यंत भागचंदजी मनात मोजत होते. एक्केचाळीस वर्षं. हर्नियाच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा डॉक्टरशी भांडून पाळलेला चौविहार त्या पापडांपायी गेला होता. दुसऱ्या दिवशी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, पण सकाळीच ते टोपी घालून निघाले. गावात मुक्कामाला असलेल्या जैन साधूंपुढं, महाराजसाहेबांपुढं चूक कबूल करायची, प्रायश्चित्त घ्यायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण शाळेत चूक सापडलेल्या पोरासारखा दिसत होता.

अर्हम ओट्यावर बसून कालचे फोटो कॅमेऱ्यातून पुसत होता. एक तारखेपासून काटा, हे त्यानं मनाशी कबूल केलं होतं. सातवा फोटो पुसताना त्याचा अंगठा थांबला. फोटो भिकार होता. दादाजींची मान मागं, डोळे बाहेर, गळ्याची घाटी वर आलेली, मिशीवर पाणी. डाव्या कडेनं निम्मा रिफ्लेक्टर आणि एक कोपर. मागं धूर. पण लोटा आणि धुरा यांच्या मधोमध सूर्याची लाल कोर होती.

काट्याचं, खिळ्याचं त्याला काही आठवलंच नाही. दादाजींचं उतरलेलं तोंड आठवलं आणि तो तसाच अनवाणी त्यांच्यामागं पळाला.

भागचंदजींनी रस्त्यात उभं राहून कॅमेरा हातात घेतला. सोयाबीनची मूठ तळहातावर पसरून बघावी तसा फोटो बघितला. "मोठा कर," म्हणाले. अर्हमनं केला. "अजून." केला. "हा डाग त नव्हे?" नव्हे. "टाइम सांगते का हा?" सांगतो. मोबाईलशी जुळवलेलं घड्याळ होतं कॅमेऱ्यात. पाच चाळीस वाजून बारा सेकंद.

दादाजींनी मनात हिशेब केला. "म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंद बाकी होते," ते म्हणाले आणि भर रस्त्यात हसले. चहा न घेता, सकाळी सव्वासातला, तिरप्या सोनेरी उजेडात ते असे हसले की अर्हमनं आयुष्यभर वाट पाहावी. कॅमेरा दादाजींच्याच हातात होता.

दुपारी दुकानात खिळा ठोकला गेला. दोन फूट बाय तीन फुटांची फ्रेम. अर्हमनं हात जोडून सांगितलं की दुसरा कुठलाही लावा, ही काही कला नाही, माझं नाव जाईल. दादाजी म्हणाले, कला तुझी माडीवर ठेव, चालू दे जन्मभर, तुले कोण अडवते, पण इथं हाच राहील. संध्याकाळपर्यंत अर्धा समाज येऊन पाहून गेला. कोणी दादाजींच्या तोंडाकडं पाहिलं नाही, सगळे सूर्याला बोट लावत होते. तिघांनी आमचाही असा काढून दे म्हणून सांगितलं. जेवताना, सूर्यासकट.

पाहुणे गेल्यावर अर्हम दुकानातच दादीजवळ बसला. एक गोष्ट त्याला टोचत होती.

"दादी, सूर्य त समोरच होता. तू नाही दिसला काहून म्हनली?"

"खोटं बोलली का मी?" अंगुरीबाई म्हणाल्या. "माह्या डोयावरचा चष्मा तूच काढला. चमकते म्हने. चष्म्याबिगर मले तुहे दादाजी नाही दिसत, सूर्य कुठला दिसते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तू खटखट करून राह्यला होता, थे आयकू येत होतं. म्हटलं, तुह्या दादाजीले फोटूची गरज पडल्याबिगर हे खिळा ठोकत नाहीत. आता चष्मा दे. कालपासून तुह्या बॅगीत हाय. मलेही पाहू दे काय लावलं थे."

अर्हमनं चष्मा आणून दिला. अंगुरीबाईंनी तो पदरानं पुसून लावला, फ्रेमसमोर उभ्या राहिल्या आणि वरपासून खालपर्यंत फोटो पाहिला.

"लग्नाच्या पन्नास वर्षांचा फोटू ना हा? मी कुठी हाय यात?"

अर्हमनं घाबरत घाबरत कोपर दाखवलं.

अंगुरीबाईंनी चष्मा नाकावर वर सरकवून कोपर पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "तुह्या दादाजीले सांग, तिसरा खिळा आणून ठेवा. उद्या माह्या एकटीचा फोटू काढजो. दुपारी बारा वाजता. तवा जेवनाची घाई नसते अन् उजेडही भरपूर असते."

अर्हमनं उजेडाबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं, दादीकडं पाहिलं, आणि म्हणाला, "हाव."