पाष्टेकाकांचं अर्धं शटर

आधी माफी मागते. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो माणूस पुरता ओळखायला हवा, असं आमचे मराठीचे सर म्हणतात. मी पाष्टेकाकांना पुरतं ओळखत नाही. त्यात आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आजवर घरात जे काही लिहिलं गेलं ते अर्ज, आणि तेही बहुतेक मीच लिहिलेले. त्यामुळे हे कुठे अर्जासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.

काकांची परवानगी घेतली आहे. त्यांची अट एकच होती. "काय हवं ते लिही पोरी, फक्त पिन लिहू नको."

मला त्यांचा पिन माहीत नाही. तो देवालाही माहीत नाही, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतेय. मोबाइलवरून पैसे भरायचे असले की काका आधी खिडकी लावतात. मग दार. मग भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडर उलटं करतात. मग डोक्यावरून टॉवेल घेतात, त्या तंबूत मोबाइल नेतात आणि आकडे दाबतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, सर्दी झालीय, वाफ घेतायत.

"काका, देवाला पिन कळला तर काय होणारय?"

"देवावर माझा भरवसा आहे गं," टॉवेलच्या आतून आवाज आला. "पण त्याच्याकडे येणारी-जाणारी माणसं फार."

आम्ही गेली चार वर्षं नवघरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या समोरचं दार काकांचं. दारावर पाटी आहे : शिवराम पाष्टे, सौ. सुलोचना पाष्टे, महेश पाष्टे. आत काका एकटेच राहतात. काकू जाऊन सात वर्षं झाली. त्यांचा मुलगा महेशदादा कुठे आहे ते माहीत नाही. पण पाटीवरचं एकही नाव काकांनी काढलेलं नाही.

काका मूळ रत्नागिरीकडचे. इथे त्यांनी एका कंपनीच्या नोकरीत जन्मभर दुकानांची शटरं दुरुस्त केली. बेव्हर्ली पार्कपासून मुर्ध्यापर्यंत असा रस्ता नसेल, जिथलं एखादं अडकलेलं शटर काकांनी खोललेलं नाही. त्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट शटरात कळते. माझा निकाल लागला की विचारतात, "शटर कितीवर?" पास झाले म्हटलं की, "पूर्ण वर की अडकत-अडकत?" माझ्या आईला ताप आला तर दारातूनच, "ताई, आज शटर डाऊन काय?" आई जालन्याची. तिला आधी हे समजायचं नाही. आता तीच मला विचारते, "जा, बघून ये, समोर देव सरळ आहे का उलटा." दार लावलेलं असेल तर देव उलटा, म्हणजे काका बिल भरतायत, तोवर चहा न्यायचा नाही.

अनोळखी नंबरवरून फोन आला की काका उचलतात आणि शांतपणे सांगतात, "पाष्टे वारले." समोरचा गप्प होतो. मग काका जोडतात, "बारावं-तेरावंही झालं," आणि ठेवून देतात. त्यांच्या मते फसवणाऱ्यावर यापेक्षा चांगला उपाय नाही. मेलेल्या माणसाकडे कुणी ओटीपी मागत नाही.

तर असा हा माणूस दिवाळीच्या आधी एका सकाळी बनियनवरच आमच्या दारात उभा राहिला. एरवी ते कचऱ्याची बादली ठेवायलासुद्धा शर्ट घालून येतात. हातात मोबाइल होता.

"प्रज्ञा, तुला बँकिंग आहे ना कॉलेजात?"

मला बँकिंग होतं. त्यात मला बेचाळीस मार्क होते, हे मी बोलले नाही.

झालं होतं असं. काकांच्या टीव्हीवर सिनेमे-मालिकांचं एक अॅप होतं. त्याचे पैसे दर महिन्याला त्यांच्या कार्डावरून आपोआप जायचे. ते कार्ड त्यांनी याच एका कामासाठी घेतलेलं, त्यात बेताचेच पैसे भरून ठेवायचे. कार्डाची मुदत संपली आणि तसलं कार्डच बँकेने बंद केलं. आता अॅप म्हणत होतं, पैसे आले नाहीत, सात दिवसांत दुसरी सोय करा.

"पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड आहे ना? ते टाकू या," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच बेचाळीसऐवजी चोवीस मार्कांची झाले.

"म्हणजे तिजोरीच्या खोलीचं शटर पूर्ण उघडं टाकून मी वडापाव खायला जाऊ?"

"मग क्रेडिट कार्ड? त्यात निदान आपले पैसे लगेच जात नाहीत. काही चुकीचं कापलं गेलं तर तक्रार करता येते."

"ते मला कोण देतंय? आणि दिलं तर ते दुसऱ्याचं शटर. त्याची चावी माझ्याकडे कुठे?"

मग त्यांनी मला त्यांचा सिद्धांत समजावला. दुकान चालवायचं तर शटर बंद ठेवून भागत नाही. दुपारी मालक आत जेवायला बसला असेल तर पूर्ण उघडं ठेवूनही भागत नाही. अशा वेळी अर्धं ठेवायचं. "गिऱ्हाईक वाकून आत येतं. चोर वाकत नाही. त्याला तेवढा वेळ नसतो." त्यांना पैसे भरायची अशी अर्ध्या शटराची पद्धत हवी होती.

आम्ही दोघं कामाला लागलो. मी वाचून वाचून सांगायचे, काका वहीत लिहायचे. शेवटी ठरलं ते असं : एक वेगळं खातं उघडायचं, त्यात थोडेच पैसे ठेवायचे. त्या खात्यावरून यूपीआयची ऑटो-पे परवानगी द्यायची. तिला वरची मर्यादा घालता येते, पैसे जाण्याआधी मेसेज येतो, आणि हवी तेव्हा आपल्याच मोबाइलवरून ती बंद करता येते. काकांनी वहीत लिहिलं, "चावी आपल्याकडे", आणि खाली दोन रेघा मारल्या.

पण यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खात्री करायला नाक्यावरच्या मोबाइलवाल्याला विचारलं.

तो म्हणाला, "अंकल, डेबिट कार्ड डाल दो ना. दो मिनट का काम है."

काका म्हणाले, "दो मिनट में तो मैं किसी का भी शटर खोल देता था, बेटा."

चौथ्या दिवशी बँकेत गेलो. खातं चालू व्हायला दोन दिवस लागतील म्हणाले. सहाव्या दिवशी चालू झालं, पण मोबाइलशी जोडलं जाईना. काका दर अर्ध्या तासाने आमची बेल वाजवत होते. चेहरा उतरलेला. दाढी वाढलेली. मला काही कळेना. या माणसाला मी ते अॅप लावून काही बघताना कधी पाहिलं नव्हतं. ते टीव्हीवर फक्त बातम्या बघतात, आणि त्याही आवाज बंद करून.

शेवटी मी घाबरत म्हटलं, "काका, जाऊ दे ना. बंद पडलं तर पडलं. तुम्ही कुठे बघता?"

काकांनी टीव्ही लावला. अॅप उघडलं. पडद्यावर दोन चौकोन आले. एकाखाली 'बाबा', दुसऱ्याखाली 'महेश'. त्यांनी 'महेश' दाबलं.

"हा बघतो," ते म्हणाले. "जिथे कुठे आहे तिथून बघतो. पासवर्ड त्यालाही ठाऊक आहे. मी फक्त काय बघितलं ते बघतो."

मग ते घडाघडा बोलायला लागले. चार वर्षांपूर्वी महेश स्वयंपाकाचे कार्यक्रम बघायचा, म्हणजे हाताने करून खात होता. मग मल्याळी सिनेमे सुरू झाले, म्हणजे सोबत कुणीतरी मल्याळी आहे, आणि नुसता मित्र असेल तर एवढे रडके सिनेमे कोण बघेल. मग कितीतरी दिवस काहीच नाही, तेव्हा काकांनी नवस बोलला होता. "आणि आता बघ." त्यांनी बोट दाखवलं. हत्तींचं कार्टून. सशाचं कार्टून. "पस्तिशीला आला आणि हे बघतो. मला काळजी वाटते गं. डोक्यावर तर काही परिणाम..."

"काका, पण तो घर सोडून का गेला?"

त्यांनी रिमोट खाली ठेवला.

पाच वर्षांपूर्वी काकांच्या खात्यातून दर महिन्याला पैसे जायला लागले. काकांच्या मोबाइलचा पिन त्यांच्याशिवाय एकट्या महेशलाच माहीत होता. काकांनी महेशला विचारलं. तो नाही म्हणाला. पुन्हा पैसे गेले. मग एक दिवस जिन्यात, सगळ्या मजल्यांवरची दारं उघडी असताना, काका त्याला चोर म्हणाले. तो दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेला. नंबर बदलला. मित्रांकडून एवढंच कळलं, की दक्षिणेकडे कुठेतरी नोकरी करतो.

"तीन महिन्यांनी बँकेतल्या बाईंनी कागद काढून दाखवला. भजनांचं एक अॅप होतं. सात दिवस फुकट म्हणाले म्हणून मीच कार्ड टाकलं होतं. आठव्या दिवसापासून ते कापत होते. बाई म्हणाल्या, काका, हे तुम्हीच चालू केलंय." मग ते माझ्याकडे वळले. "म्हणजे चोर कोण निघाला, सांग."

काकांनी टीव्हीकडे बोट केलं.

"आता हे बंद पडलं तर त्याच्या पडद्यावर काय येईल? त्याला काय वाटेल? थेरड्याने मुद्दाम बंद केलं. तोंडावर शटर ओढलं. एवढी एक फट होती पोरी."

सातव्या दिवशी संध्याकाळी मी तिथेच बसून होते. मोबाइल जोडला जाईना. बँकेचा फोन कुणी उचलेना. काका एका क्षणी म्हणाले, "टाक पेन्शनचं कार्ड. टाक." त्यांनी ना खिडकी लावली ना देव उलटा केला. टॉवेलही घेतला नाही. मी आकडे टाकले. पण त्या कार्डाचे ऑनलाइन व्यवहार काकांनी स्वतःच बँकेत अर्ज देऊन बंद करून ठेवले होते. तो अर्ज मीच लिहिला होता, आणि आम्ही दोघंही ते विसरलो होतो. पडद्यावर आलं : तुमचं सदस्यत्व थांबवण्यात आलं आहे.

काका म्हणाले, "घरी जा. आई वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले होते. चपला घालतच होते तर समोरचं दार धाडकन उघडलं.

"फुटलं! प्रज्ञा, शटर फुटलं!"

त्यांना मेल आला होता, इंग्रजीत. तुमची पैसे भरण्याची पद्धत बदलण्यात आली आहे. कार्डाचे शेवटचे चार आकडे होते. काकांचे नव्हते. अॅपवाल्यांनी घेतले पैसे, कुणीतरी आत शिरलंय, पोलीस चौकीला चल, असं सगळं ते एकदम बोलत होते. पायात एकच चप्पल. आदल्या दिवशी कार्डाचे आकडे मीच टाकले होते. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं. मी पेन्शनचं खातं उघडायला लावलं. पैसे जागेवर होते. नवं खातं बघितलं. तिथेही होते. मेल पुन्हा वाचला, मग आणखी एकदा.

"काका, तुमचं काहीच गेलेलं नाही. कुणीतरी स्वतःचं कार्ड टाकलंय. स्वतःचे पैसे भरलेत."

काका भिंतीला टेकले.

"चोर स्वतःचं कार्ड टाकून जातो का गं?"

"नाही काका."

"पासवर्ड दोघांनाच माहीत आहे."

"हो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काकांनी उचलला, सवयीने "पाष्टे वा..." म्हणाले आणि थांबले. घसा साफ केला. "पाष्टे आहेत," ते म्हणाले. "आहेत. बोला."

फोन कर्ज विकणाऱ्या मुलीचा होता. काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, व्याजाच्या दरासकट. मग म्हणाले, "नको ताई. पण तुझा आवाज चांगला आहे." आणि फोन ठेवून एकदम डोळे पुसायला लागले.

काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी टीव्ही लावला. अॅप चालू झालं होतं. पडद्यावर चौकोन आले. 'बाबा'. 'महेश'. आणि तिसरा, नवा, लहान मुलांसाठी असतो तसला, हत्तीच्या पिल्लाचं चित्र असलेला. त्याखाली इंग्रजीत नाव होतं. मी वाचलं, "सुलू. ही कोण, काका?"

काका दारापर्यंत गेले. पाटीवरच्या मधल्या नावावर बोट ठेवून उभे राहिले.

"सुलोचना नुसतं पाटीवर," ते म्हणाले. "मी तिला सुलूच म्हणायचो. महेशही चिडवायला तसंच म्हणायचा."

मग परत आले, टीव्हीसमोर खाली बसले आणि हत्तीच्या पिल्लावर रिमोट दाबला. आत एकच कार्टून होतं. त्याखाली लाल रेघ, निम्म्यापर्यंत भरलेली.

"म्हणजे महेशच्या डोक्याला काही झालेलं नाही," काका म्हणाले. आणि त्या रेघेवरून बोट फिरवत हळूच म्हणाले, "अर्ध्यावर सोडलंय बघ. झोप लागली असेल तिला."